पाच आवाजांचा गट तीस वर्षे कसा टिकतो

पुण्यातल्या एका गायनगटाने मला तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. गटात तीन मुली आणि दोन मुले आहेत. महाविद्यालयात असताना स्पर्धांमधून त्यांचे नाव झाले, आता पाचही जण नोकरी करतात, आणि एका कार्यक्रम-व्यवस्थापकाने त्यांच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवला आहे. बॅकस्ट्रीट बॉइजसारखा पाच गायकांचा अमेरिकी पॉप गट तीस वर्षांहून अधिक काळ कसा टिकला, आपल्याकडचे असे गट दोन-तीन वर्षांत का विरून गेले, आणि या करारावर सही करावी का, असे ते प्रश्न आहेत. मी पुण्यात अनेक वर्षे वृंदगायन शिकवते, ध्वनिमुद्रणासाठी कोरस बसवते आणि असे गट जुळताना व फुटताना जवळून पाहत आले आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. गटाचा एकत्रित आवाज ही कोणा एकाची मालमत्ता नसते, आणि जी गोष्ट कोणा एकाची नसते ती सांभाळण्याची व्यवस्था यश येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. ज्यांनी ती केली किंवा ठेच लागल्यावर का होईना वेळेत करून घेतली, ते टिकले.

बॅकस्ट्रीट बॉइजची जुळणी १९९३ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो शहरात झाली. लू पर्लमन हा विमाने भाड्याने देणारा व्यावसायिक होता. न्यू किड्स ऑन द ब्लॉक या गटाने त्याच्याकडून विमान घेतले, तेव्हा गाणाऱ्या पोरांना हे परवडते कसे, या कुतूहलातून तो संगीताच्या धंद्यात उतरला. त्याने निवडचाचण्या घेतल्या. त्यांतून ए. जे. मॅक्लीन, हावी डरो आणि निक कार्टर आले, डिस्ने वर्ल्डमध्ये काम करणारा केव्हिन रिचर्डसन आला, आणि केव्हिनने केंटकीहून आपल्या नात्यातल्या भावाला, ब्रायन लिट्रेलला, बोलावून घेतले. त्या वेळी निक तेरा वर्षांचा आणि केव्हिन एकवीस वर्षांचा होता, हे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या करारांचा विचार करताना सही करणाऱ्यांचे वय महत्त्वाचे ठरते. पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी शाळांत, मॉलमध्ये, जिथे उभे राहू देतील तिथे गाऊन काढली. पुष्कळदा वाद्यांशिवाय गायले, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची तालीम हीच होती. कारण साथीला ट्रॅक नसला की कोणाचा सूर उतरतो आणि कोण दुसऱ्याच्या आवाजावर चढून बसतो, हे लपवायला जागा उरत नाही.

जाइव्ह या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना १९९४ साली करारबद्ध केले आणि पहिले गाणे १९९५ साली आले. अमेरिकेत ते पहिल्या पन्नासातही पोहोचले नाही. त्या काळात तिथल्या रेडिओवर हिपहॉप आणि खरखरीत गिटारचे रॉक चालत होते. गोड आवाजात एकत्र गाणाऱ्या मुलांना कोणी विचारत नव्हते. कंपनीने गट युरोपात नेला. जर्मनीत गाणी चालली, १९९६ साली पहिला अल्बम तिकडे प्रसिद्ध झाला, आणि मायदेशात मात्र अल्बम यायला १९९७ चा ऑगस्ट उजाडला. गट जुळल्यापासून स्वतःच्या देशात अल्बम येईपर्यंत चार वर्षे गेली होती. तुमचा गट दोन वर्षांत नाव होत नाही म्हणून खचला असेल, तर हा हिशेब समोर ठेवावा. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहावी. ही चार वर्षे कोणीतरी पैसे घालत होते, आणि जो पैसे घालतो तो ते व्याजासकट वसूल करण्याची तजवीज कागदावर आधीच करून ठेवतो.

तशी तजवीज पर्लमनने केली होती. तो व्यवस्थापक म्हणून वाटा घेत होता, निर्माता म्हणून घेत होता, आणि त्याशिवाय स्वतःला गटाचा सहावा सदस्य ठरवून सदस्याचाही वाटा घेत होता. जगभर दौरे होऊनही आपल्या हातात इतके थोडे कसे येते, हा प्रश्न प्रथम ब्रायनने विचारला आणि तो न्यायालयात गेला. १९९८ साली इतर सदस्यही त्याच्या मागोमाग गेले. त्याच वर्षी ब्रायनच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि दौऱ्यामुळे ती आधी पुढे ढकलली गेली होती. हे दोन प्रसंग मी मुद्दाम शेजारी ठेवते आहे. गायकाला स्वतःच्या शस्त्रक्रियेची तारीख दौऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे हलवावी लागते, तेव्हा गट कोणाच्या हातात आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. पर्लमनशी प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे त्याने शेकडो गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याचे उघड झाले, २००८ साली त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ साली कैदेतच त्याचा मृत्यू झाला. पण तुमच्यासारख्यांनी त्याच्याकडे केवळ एक भामटा म्हणून पाहू नये. तीन टोप्या घालून तीन वाटे घेणारा करार करायला भामटा असावे लागत नाही. अगदी सज्जन, घरोबा असलेला आयोजकही तसा करार पुढे करतो, आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतही नसते.

खटल्यानंतरच्या वर्षी, मे १९९९ मध्ये, ‘मिलेनियम’ हा अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात अमेरिकेत त्याच्या अकरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा तो विक्रम होता. तो पुढच्याच वर्षी एन्सिंक या गटाने मोडला, आणि तो गटही पर्लमननेच उभा केलेला होता. पहिल्या गटाच्या डोळ्यांदेखत त्याच व्यवस्थापकाने त्याच साच्यातला दुसरा गट बाजारात आणला, यातून घ्यायचा बोध कराराच्या भागात येईल.

आता आवाजांकडे वळते, कारण माझा खरा विषय तो आहे. या पाच आवाजांची वाटणी पाहण्यासारखी आहे. केव्हिनचा आवाज खर्जाकडचा, हावीचा वरच्या पट्टीत हलका व कृत्रिम स्वरात (फॉल्सेटोत) सहज जाणारा, ए. जे.चा खरखर असलेला, तर ब्रायन आणि निक यांचे आवाज मुख्य ओळी पेलणारे. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांत एकच जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे आणि बाकीचे मागे ‘आ’कार भरत आहेत, असे सहसा होत नाही. पहिले कडवे एकाकडे, दुसरे दुसऱ्याकडे, मधला उतारा तिसऱ्याकडे, आणि ध्रुवपदात सर्व जण एकत्र येतात. ऐकणाऱ्याला एका गाण्यात तीन-चार माणसे भेटतात. श्रोत्याच्या दृष्टीने याने रंगत वाढते, तर गटाच्या दृष्टीने कोणीही फुकटचा ठरत नाही आणि कोणीही डोईजड होत नाही. ओळींचे वाटप हे आर्थिक वाटपाइतकेच राजकीय असते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि ते दर वेळी हसतात.

याची उलटी बाजू पाहायची असेल तर डेट्रॉइटचा सुप्रीम्स हा तीन मुलींचा गट पाहावा. मोटाउन या त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६० च्या दशकात मुख्य ओळी हळूहळू एकट्या डायना रॉसकडे दिल्या. १९६७ साली गटाचे नाव बदलून तिचे नाव पुढे लावण्यात आले, आणि त्याच वर्षी संस्थापक सदस्य फ्लॉरेन्स बॅलर्डला गटाबाहेर काढले गेले. ती १९७६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हलाखीत वारली. रॉसच्या पुढच्या यशाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण मुख्य ओळ एकाच आवाजाला देण्याची सवय लागली की गटाचे नाव कुठल्या दिशेने सरकणार हे तेव्हाच ठरलेले असते, आणि ज्या दिवशी ते फलकावर उमटते त्या दिवशी भांडून उपयोग नसतो.

बॅकस्ट्रीट बॉइजची बरीच महत्त्वाची गाणी स्टॉकहोममधल्या चेरॉन या स्टुडिओत घडली. डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन हे तिथले कर्तेधर्ते. ‘आय वाँट इट दॅट वे’ या त्यांच्या सर्वांत परिचित गाण्याच्या शब्दांचा नीट अर्थ लागत नाही, म्हणून कंपनीने शब्द दुरुस्त करून दुसरी आवृत्ती तयार करवली होती. गटाने मात्र अर्थ न लागणारी मूळ आवृत्तीच प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, आणि ती चालली. स्वीडनच्या त्या पठडीत शब्द आधी तोंडात कसा बसतो, त्यातला स्वर लांबवता येतो का, हे पाहिले जाते. अर्थाची पाळी नंतर येते. इथे मी एक इशारा देऊन ठेवते. मराठी श्रोता हे चालवून घेत नाही. ज्या शहरात भावगीताचे शब्द चुकले तर मध्यंतरात चहाच्या रांगेत उभी असलेली आजी तुम्हाला दुरुस्त करते, तिथे अर्थहीन ध्रुवपद टिकणार नाही. तेव्हा त्या गाण्यांची रचना अभ्यासावी, आवाजांचे थर मोजावेत, पण शब्दांबाबतची त्यांची बेफिकिरी उचलू नये.

आवाज एकमेकांत मिसळणे ही कामाची गोष्ट पुण्यातल्या मुलांना सर्वांत जड जाते, आणि त्याचे कारण त्यांचे शिक्षण चांगले झालेले असते, हे आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून एकट्याने गाण्याचे शिक्षण घेतले आहे. सूर लावल्यावर त्याला कण, मींड, मुरकी देऊन आपले करणे हेच तुम्हाला गुरूंनी शिकवले. पाच जणांनी एकाच सुरावर पाच वेगवेगळ्या मुरक्या घेतल्या की गलबला होतो. म्हणून गटात गाताना अलंकार एकतर ठरवून सर्वांनी एकाच क्षणी घ्यावा, नाहीतर फक्त मुख्य ओळ असलेल्याने घ्यावा आणि बाकीच्यांनी सरळ सूर धरावा. स्वरवर्ण सर्वांचे सारखे उघडले पाहिजेत. एकीचा ‘आ’ पुढे आणि दुसऱ्याचा घशात असेल, तर सूर तंतोतंत जुळूनही ऐकणाऱ्याला बेसूर वाटते. ओळीच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ पाच जणांनी पाच वेळी सोडला की ध्वनिमुद्रणात फटाक्यांची माळ लागल्यासारखे ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून मी शेवटचे व्यंजन एकालाच उच्चारायला सांगते आणि बाकीच्यांना स्वरावरच थांबवते.

पट्टीचा प्रश्न तुमच्या मिश्र गटात जास्त बोचणार. पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुराला ‘सा’ धरायचा तो सूर; मुले काळी एकमध्ये सुखाने गातात, मुलींना काळी चार किंवा पाच लागते, आणि मध्ये कुठेतरी पट्टी धरली की दोघांचीही मधली, निस्तेज जागा वाट्याला येते. त्यापेक्षा पट्टी एका बाजूला झुकवून मुख्य ओळ कडव्याकडव्याला बदलावी, आणि ज्याला मुख्य ओळ अवघड पडते त्याला तिथे खालचा किंवा वरचा जोडस्वर, म्हणजे मुख्य सुराशी मेळ धरणारा दुसरा सूर, द्यावा. आणखी एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. तंबोऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध गांधार जिथे लावतो, ती जागा कीबोर्डवरच्या गांधारापेक्षा किंचित खाली असते. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. तुम्ही वाद्यांशिवाय सा-ग-प असा मेळ धरलात तर तुमचे कान आपोआप तंबोऱ्याच्या गांधारावर स्थिरावतात आणि तो मेळ फार सुंदर लागतो. त्यानंतर कीबोर्डचा ट्रॅक सुरू झाला की तोच गांधार उतरलेला वाटतो आणि गांधार गाणारीला उगाच बोल खावे लागतात. वाद्यांविना सुरू होऊन मग साथ येणारी गाणी बसवताना तालीम सुरुवातीपासून हेडफोनमध्ये कीबोर्डचा सूर ऐकवूनच करावी.

स्टुडिओत हेच मिश्रण वेगळ्या मार्गानेही घडवता येते. स्वीडनच्या आबा या गटाचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटोव एकच भाग पुन्हा मुद्रित करताना टेपचा वेग किंचित बदलत असत, त्यामुळे थोडासा सूरभेद निर्माण होऊन आवाज भरदार होई. आग्नेथा आणि फ्रीडा या दोघींचे आवाज वरच्या पट्टीत एकत्र आले की तिसराच आवाज ऐकू येतो, तो काही अंशी त्यांच्या गळ्यांचा आणि काही अंशी या युक्तीचा आहे. याच गटात गाणी रचणारे दोघे, बेनी आणि ब्यर्न, तर ती मुख्यतः गाणाऱ्या दोघी. गीत-संगीताचे मानधन रचनाकारांना मिळते, गाणाऱ्यांना ध्वनिमुद्रणाचा वाटा मिळतो. गटात कोण लिहितो आणि कोण फक्त गातो यावरून दहा वर्षांनी बँकखात्यांत केवढा फरक पडेल, याचा विचार तुम्ही आजच करावा. तुमच्यातल्या एकाने चाल बांधली आणि बाकी चौघांनी तालमीत तिला आकार दिला, तर रचनेचा वाटा कसा धरायचा हे चाल बांधून झाल्याच्या संध्याकाळीच लिहून ठेवावे. काही दिवसांनी प्रत्येकाला आपली भर मोठी वाटू लागते.

सदस्य गेला तर काय, हा प्रश्न प्रत्येक गटापुढे येतो. केव्हिन रिचर्डसन २००६ साली बाहेर पडला. उरलेल्या चौघांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. चौघे म्हणूनच दोन अल्बम केले, दौरे केले, आणि २०१२ साली तो परतला तेव्हा त्याची जागा रिकामीच होती. याच्या शेजारी लंडनचा शुगाबेब्ज हा गट ठेवावा. तिथे मूळच्या तिघींपैकी एक २००१ साली गेली, दुसरी २००५ साली, आणि तिसरी २००९ साली. दर वेळी नवी मुलगी आली आणि शेवटी गटात मूळची एकही उरली नाही, तरी नाव चालूच होते. पुढे त्या तिघी पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा त्यांना ते नाव वापरता येईना. आपापली नावे जोडून गावे लागले आणि स्वतःचे नाव परत मिळायला कित्येक वर्षे गेली. जॅक्सन फाइव्ह या भावांचेही तेच झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मोटाउन सोडली, तेव्हा नाव कंपनीकडे राहिले आणि सख्ख्या भावांना ‘द जॅक्सन्स’ म्हणून नवा फलक लावावा लागला. आडनाव स्वतःचे असूनही!

आपल्याकडे असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. चॅनल व्ही या वाहिनीच्या स्पर्धेतून २००२ साली विवा हा पाच मुलींचा गट निवडला गेला, आणि पुढच्या वर्षी त्याच मार्गाने आस्मा हा गट आला. दोन्हींत गुणी गायक होते. त्यांच्यापैकी नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, नीती मोहन पुढे हिंदी चित्रपटांच्या पार्श्वगायनात नावारूपाला आल्या. गट मात्र टिकले नाहीत. याचे उत्तर त्यांच्या गुणवत्तेत शोधू नये. आपल्या देशात गाण्याचा मोठा बाजार चित्रपटांचा आहे आणि चित्रपटाला एका पात्रासाठी एक आवाज हवा असतो. पाच आवाजांच्या मिश्रणाला तिथे मागणी नाही, त्यातल्या एकेका आवाजाला मात्र आहे. म्हणजे गट जितका यशस्वी होईल तितकी त्याच्या सदस्यांना बाहेरून वैयक्तिक बोलावणी येणार, आणि बोलावणे आलेल्याला थांबवण्याइतके उत्पन्न गटाकडे नसणार. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये चित्रपट हा पॉप संगीताचा मालक नसल्याने तिथल्या गटांवर ही ओढ इतकी पडत नाही. शिवाय वाहिनीने जुळवलेल्या गटात सदस्य एकमेकांना निवडत नाहीत, त्यामुळे अडचणीच्या काळात एकत्र राहण्याचे कारणही दुसऱ्याने दिलेले असते. तुम्ही पाच जण स्वतःहून एकत्र आला आहात, ही तुमची जमेची बाजू आहे.

यावरून एक व्यवहारी सल्ला देते. वैयक्तिक कामाला बंदी घालू नका. ती पाळली जाणार नाही आणि पाळली गेली तर मनात कढ राहील. त्याऐवजी गटाच्या तारखा सहा महिने आधी ठरवाव्यात, त्या तारखांवर कोणीही दुसरे काम घेऊ नये, आणि इतर दिवशी ज्याने त्याने खुशाल पार्श्वगायन करावे, जिंगल गावी, शिकवण्या घ्याव्यात. गटामुळे मिळालेल्या वैयक्तिक कामातला काही वाटा गटाच्या खात्यात यावा का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते येऊ नये. हिशेब ठेवता येत नाही आणि संशय वाढतो.

आता करार. त्याचा मसुदा मी पाहिला आहे, आणि आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवस्थापकाचा टक्का एकूण मानधनावर धरला आहे. तो प्रवास, ध्वनियंत्रणा, वादक यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर धरला जावा, नाहीतर कार्यक्रम तोट्यात गेला तरी त्याचा टक्का शाबूत राहतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च तो करणार आणि तुमच्या वाट्यातून वळता करणार, असे एक कलम आहे. त्यात खर्चाची कमाल मर्यादा, पावत्या पाहण्याचा तुमचा हक्क आणि दर तिमाहीला लेखी हिशेब या तीन गोष्टी घालाव्यात. तोच आयोजक, तोच निर्माता आणि तोच व्यवस्थापक असेल तर त्याने कोणत्या भूमिकेत किती घ्यायचे ते वेगळे लिहावे, आणि एकाच कार्यक्रमावर दोन भूमिकांचे पैसे घेऊ नयेत. करार चालू असताना त्याने तुमच्यासारखाच दुसरा गट हाती घेतला तर तुम्हाला बाहेर पडता यावे, असेही कलम हवे. ओरलँडोत काय झाले ते वर आले आहेच. पाच वर्षांऐवजी दोन वर्षे, आणि ठरावीक उत्पन्न झाले तरच पुढची दोन, अशी मुदत मागावी. तो नाही म्हणाला तर त्या नकारातूनही पुष्कळ कळेल.

सर्वांत आक्षेपार्ह कलम नावाचे आहे. गटाचे नाव व्यवस्थापकाच्या संस्थेच्या मालकीचे राहील, असे त्यात लिहिले आहे. ते काढून टाकावे, आणि सही होण्यापूर्वीच नाव तुम्ही स्वतःच्या नावे नोंदवावे. मनोरंजनाच्या सेवा ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात येतात, व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शासकीय शुल्क पडते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे नूतनीकरण करता येते. त्याआधी तुम्ही पाच जणांनी आपसात भागीदारीचा करारनामा करावा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार काहीच लिहिले नसेल तर नफा समान वाटला जातो, आणि मुदत न ठरवलेली भागीदारी कोणीही एक भागीदार नोटीस देऊन मोडू शकतो. म्हणून कोणी बाहेर पडला तर नाव उरलेल्यांकडे राहील, जुन्या ध्वनिमुद्रणांतला त्याचा वाटा त्याला मिळत राहील, आणि नवा सदस्य घ्यायचा तर किती जणांची संमती लागेल, हे तिथे स्पष्ट लिहावे. वकिलाला दाखवल्याखेरीज यातले काही करू नये, आणि तो वकील व्यवस्थापकाने सुचवलेला नसावा.

स्वामित्वहक्काबद्दल दोन गोष्टी तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हत्या, म्हणून लिहिते. स्वामित्वहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला देऊन टाकता येत नाही. तसा करार केला तरी तो हक्क त्यांच्याकडेच राहतो. त्यासाठी रचनाकारांनी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे आणि गायकांनी त्यांच्यासाठीच्या इसाम्रा (आयएसएएमआरए) या संस्थेचे. सादरकर्ता म्हणून गायकाचा हक्क पन्नास वर्षे चालतो. दुसरी गोष्ट तुमच्या सध्याच्या कामाची आहे. तुम्ही जुनी भावगीते पाच आवाजांत बसवून समाजमाध्यमांवर टाकता. कायद्याने ठरवलेल्या परवान्यावर नवी ध्वनिमुद्रिका काढायची तर मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे जावी लागतात, आणि मूळ चालीत वा शब्दांत मनाजोगता बदल करता येत नाही. नव्या जोडस्वरांना बदल म्हणायचे की नाही, यावर वाद होऊ शकतो; म्हणून असे गाणे व्यावसायिक रीतीने प्रसिद्ध करताना हक्कधारकाची लेखी परवानगी घेणेच बरे.

नोकरी सोडावी का, हे विचारताना तुमच्यातल्या एकीने बॅकस्ट्रीट बॉइजच्या २०२३ च्या मुंबईतल्या कार्यक्रमाचा दाखला दिला होता. तो गट तिथे पोहोचला तेव्हा त्यांच्या मागे तीस वर्षे होती, २०१७ ते २०१९ या काळात लास व्हेगासमध्ये एकाच रंगमंचावर मुक्काम ठोकून केलेले प्रयोग होते, आणि जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलेला अल्बम होता. दौरा करायचा तर गाव बदलावे लागते, माणसे थकतात, घरे दुरावतात. प्रेक्षक आपल्याकडे येतील असे एक ठिकाण धरून बसणे त्या वयातल्या गायकांना मानवले. पुण्यात व्हेगास नाही, पण दिवाळी पहाट आहे, गणेशोत्सवाचे मांडव आहेत, हिंजवडीतल्या कंपन्यांचे वार्षिक सोहळे आहेत आणि लग्नांतल्या संगीत-संध्या आहेत. हे उत्पन्न हंगामी आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी कामाची रेलचेल असते आणि मार्च ते जुलै बहुधा रिकामा जातो, तेव्हा पाच घरांचा वर्षभराचा खर्च त्यावर चालेल असे मला आज तरी दिसत नाही.

म्हणून पुढची दोन वर्षे नोकऱ्या ठेवाव्यात, आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम ठरवून ती कोणत्याही कारणाने चुकवू नये, आणि रिकाम्या महिन्यांत स्वतःची पाच-सहा गाणी मुद्रित करावीत. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाचे भाडे भरून घरच्यांना तिकिटे वाटण्यापेक्षा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या लहान जागेत, वाद्यांशिवाय, अनोळखी लोकांसमोर दर दोन महिन्यांनी गावे. तिकीट लावूनच गावे. तिथे दुसऱ्यांदा आलेले अनोळखी चेहरे किती, हे दर खेपेला मोजून ठेवावे. कोणी पुढे केलेल्या कराराचे मोल ठरवताना, आणि तुमच्यापैकी कोणी पहिली नोकरी सोडायची हे ठरवतानाही, तोच आकडा कामाला येईल. व्यवस्थापकाला सध्या लेखी कळवावे की नावाचे कलम काढल्याशिवाय पुढचे बोलणे होणार नाही. बाकीच्या कलमांवर घासाघीस करता येईल.